तीन, एक आणि आमची वाटणी

"बाबा, आई रात्री माझ्या कपाळावर क्रॉस करते तेव्हा तिघांची नावं घेते ना? ते तीन देव आहेत की एकच?"

प्रश्न विचारायची जागा बघा. माणकोली नाका, शनिवारची सकाळ, पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि डाव्या बाजूने रिक्षावाला आरशाला आरसा घासून पुढे जायच्या बेतात. लेक आठ वर्षांची आहे. या वयातली मुलं अवघड प्रश्न गाडी अडकलेली असतानाच विचारतात, कारण तेव्हा आपल्याला पळून जाता येत नाही.

इथे नव्याने येणाऱ्यांसाठी थोडी माहिती. मी दिघाशीचा, तालुका भिवंडी. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आणि गोदामं आठवतात. आमच्याकडे अजून भात पिकतो, पण गोदामं लांबून दिसायला लागली आहेत. बायको वसईची, कॅथलिक. २०१५ साली स्पेशल मॅरेज ॲक्टखाली आमचं लग्न झालं. आधी महिनाभर नोटीस लागते, त्या महिन्यात दोन्हीकडच्या नातेवाइकांनी आम्हाला काय काय ऐकवलं तो वेगळ्या शनिवारचा विषय आहे. आम्ही ठाण्यात राहतो, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मी डेव्हलपर आणि ती टेस्टर. शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर प्रश्नाचं उत्तर द्यायला मी सरसावलो. म्हटलं, "सोपं आहे. मी घरी तुझा बाबा, ऑफिसात टीम लीड आणि दिघाशीला आजीचा बारक्या. माणूस एकच, कामं तीन."

"चूक," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तिसऱ्या शतकात सॅबेलियसने हेच म्हटलं होतं. मग येशू बागेत गुडघे टेकून प्रार्थना कोणाची करत होता? स्वतःचीच?"

हिचा एक चुलतभाऊ फादर आहे आणि यांच्या घरी जेवताना अशा विषयांवर आवाज चढतात, त्यामुळे हिला हे सगळं पाठ.

मी दुसरा प्रयत्न केला. एक कंपनी, तीन डिपार्टमेंट. "म्हणजे प्रत्येक जण एक तृतीयांश देव? चूक." तिसरा. मूळ कोड पित्याचा, त्यातून पुत्राची नवी आवृत्ती निघाली. "हा एरियस. याच्यामुळेच ३२५ साली निकायाला धर्मसभा भरवावी लागली." बर्फ, पाणी, वाफ? "पुन्हा सॅबेलियस. तू त्याच बगवर परत आलास."

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. आमच्या ओटीवर आईने लावलेली दत्ताची तसबीर आहे. तीन शिरं, एक मूर्ती, मागे गाय, पायाशी कुत्री. मराठी माणसाला तीनात एक समजवायला दत्तासारखी सोय नाही. बायको यावर थोडी थांबली, कारण सासूच्या दत्ताबद्दल ती जपून बोलते. मग म्हणाली, "दत्त दत्त आहे. त्याला माझ्या धर्मातलं गणित सोडवायला कशाला लावतोस?"

रांजनोलीपर्यंत माझे सगळे टेस्ट केस फेल झाले होते. या मंडळींनी सोळा-सतराशे वर्षांपूर्वीच सगळे बग नोंदवून ठेवलेत आणि बहुतेकांना माणसांची नावं दिलीत. लेक केव्हाच झोपली होती.

पण विषय डोक्यातून गेला नाही. आपल्याला न सुटलेली गोष्ट सोडवत नाही, व्यवसायाचा दोष. रात्री बसून वाचायला लागलो. पहिलंच आश्चर्य म्हणजे 'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये नाहीच. लॅटिनमधला शब्द तर्तुलियनने रूढ केला, इसवी सन २००च्या पुढेमागे. आधी माणसं पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देत होती, प्रार्थना करत होती. त्याची व्याख्या नंतर आली. म्हणजे सिस्टिम आधी चालू झाली आणि डॉक्युमेंटेशन तीनशे वर्षांनी. हे मला फार ओळखीचं वाटलं :)

आपल्याकडेही लोकांनी डोकी लढवली आहेत. बंगालच्या ब्रह्मबांधव उपाध्याय या कॅथलिक संन्याशाने १८९८ साली सच्चिदानंदावर संस्कृत स्तोत्र लिहिलं. सत्, चित्, आनंद हे तीन आणि तरी एकच, त्यातून त्याने त्रैक्य मांडलं. ऑगस्टीनने तर पाचव्या शतकात या एका विषयावर वर्षानुवर्षं खपून जाडजूड ग्रंथ केला. त्यात त्याने एके ठिकाणी प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम करतो तो आणि प्रेम, असे तीन धरले आहेत. मला हे बरं वाटलं. ऑगस्टीनला स्वतःला तेवढ्याने समाधान झालं नाही, तो पुढे दुसऱ्या उपमांकडे गेला.

याच ऑगस्टीनची एक दंतकथा आहे. तो समुद्रकाठी त्रैक्याचा विचार करत फिरत असतो, तिथे एक मुलगा शिंपल्याने पाणी आणून वाळूतल्या खड्ड्यात ओतत असतो. काय करतोस, तर म्हणे समुद्र खड्ड्यात भरतोय. पुढचं तुम्ही ओळखलंच. माझे सासरे लहानपणी रविवारच्या धर्मशिक्षणात ही गोष्ट ऐकून आले, आणि बरीच वर्षं त्यांची समजूत होती की हे भुईगावच्या किनाऱ्यावर घडलं.

असो. या वाचनात मला सगळ्यात जवळची वाटली ती पंडिता रमाबाई.

रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकापुरत्या माहीत असतात. शारदा सदन, स्त्रीशिक्षण, दोन मार्क. पण १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार छापला, अ. भि. शहा यांनी संपादित केलेला. मूळ पत्रं सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवलेली. हा मिळाला तर जरूर वाचा. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेजला त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस. नवरा वारलेला, आईवडील आणि बहीण दुष्काळातल्या वणवणीत गेलेले. अशी बाई परक्या देशात ज्यांच्या आसऱ्याला आहे त्यांचं सगळं निमूट मान्य करेल असं आपल्याला वाटतं. रमाबाईंनी तसं केलं नाही. ख्रिस्ताचं देवत्व आणि त्रैक्याची चर्चची व्याख्या यांवर त्या भांडल्या. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी, पानंच्या पानं. त्यांचा मुद्दा साधारण असा, की चर्च सांगतं म्हणून मी मानणार नाही, माझं माझ्या बुद्धीला आणि बायबलला पटलं पाहिजे. सिस्टरना हा अहंकार वाटला. मिस बील यांनी बऱ्यापैकी धीराने उत्तरं दिली.

पुढे १८८९ साली रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, नंतर ते पुण्याला नेलं. तिथे मुली ख्रिस्ती होतील या भीतीने १८९३ साली वादळ उठलं, रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं. ती भीती अगदीच हवेतली नव्हती, हेही सांगायला हवं. मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात स्वतः जाऊन रमाबाईंनी मुलींना, बायकांना शेकड्यांनी केडगावला आणलं. १९००च्या दुष्काळात पुन्हा तेच. 'मुक्ती'मध्ये शेती होती, विहिरी होत्या, बायका चालवायच्या असा छापखाना होता, अंध मुलींना शिकवायची सोय होती. एवढ्या रामरगाड्यात बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. १९२२ साली गेल्या तोपर्यंत करत होत्या.

वाँटेजच्या पत्रांतला वाद केडगावात सुटला, असं मी म्हणणार नाही. सेवा केली की तत्त्वज्ञान आपोआप कळतं, हे वाक्य मला नेहमीच ढोंगी वाटत आलंय. पण एक गोष्ट दिसते. प्रश्न अंगावर घेऊनसुद्धा माणूस त्या नावाने शेकडो पोरींचं ताट वाढू शकतो. कळल्याशिवाय सही करणार नाही हा एक बाणा, आणि भुकेल्याला सही झाल्यावर बघू असं न म्हणणं हा दुसरा. रमाबाईंकडे दोन्ही होते. माझ्याकडे पहिलाच होता, तोही फक्त बोलण्यापुरता.

आता आमच्या घरचं.

बाबा २०२१ साली गेले. सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, दादा आणि मी अशी तीन नावं चढली. शेती दादा करतो. तो गावातच, वहिनी आणि दोन मुलं. २०२२मध्ये एक दलाल आला, गोदामासाठी जमीन हवी म्हणून. आकडा ऐकून माझ्या फ्लॅटचं कर्ज डोळ्यांसमोर नाचलं. दादा नाही म्हणाला. मी म्हटलं, मग माझा हिस्सा वेगळा कर, मी काय करायचं ते करीन. तो म्हणाला, आई आहे तोवर वाटणी नाही. मी म्हटलं, चार वर्षं पिकाचा हिशेब तरी दे. आवाज चढले. मी ठाण्याला परत आलो आणि रात्री दोन वाजेपर्यंत बसून एक्सेल शीट बनवली. भाताचे क्विंटल, भाव, माझा तिसरा हिस्सा, आईच्या औषधांना मी पाठवलेले पैसे, घराच्या कौलांचे मी दिलेले पैसे. खाली बेरीज, पिवळ्या रंगात. व्हॉट्सॲपवर दादाला पाठवून दिली.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही बोललो नाही. म्हणजे दिघाशीला जात होतो, एका ताटलीतल्या भाकऱ्या खात होतो, पण बोलणं लेकीमार्फत. "काकाला सांग गाडी मागे घेतोय." "बाबाला सांग घे म्हणावं."

बायको मात्र वहिनीला रोज फोन करायची. मला राग यायचा. एकदा म्हटलंही, "तू कुणाच्या बाजूची?" ती म्हणाली, "मी लग्न करून बाजूत आलेय का घरात?" मला काही उत्तर सुचलं नाही.

२०२५ साली पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, आठवत असेल. सोळा दिवस आधी. गावाकडे राब भाजायचे राहिले होते, पेरणीचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आई ओल्या ओट्यावरून घसरली. खुब्याचं हाड. ठाण्यात ऑपरेशन झालं, आणि शुद्धीवर आल्यावर आईने पहिलं वाक्य बोललं, "मला माझ्या घरी न्या." फ्लॅटमध्ये ती राहणार नाही हे आम्हाला ठाऊकच होतं. वहिनी एकटी काय काय करणार? पेरणी, मुलांची शाळा, म्हैस. बायकोने ऑफिसात घरून काम मागून घेतलं आणि लॅपटॉप घेऊन दिघाशीला जाऊन राहिली. रेंज फक्त माळ्यावर येते. दिवसा माळ्यावर कॉल, संध्याकाळपासून आईजवळ.

पहिल्या रात्री भांडं द्यायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "तू नको, तिला हाक मार." वहिनीला उठवलं. दहा वर्षं झाली लग्नाला, आईने हिला कधी वाईट बोललं नाही, पण देवाजवळचा दिवा लाव असंही कधी म्हटलं नाही. दुसऱ्या रात्री वहिनी तापाने फणफणली होती. बायकोने न विचारता भांडं दिलं, स्वच्छ केलं, लुगडं बदललं. आई तोंड फिरवून रडली. हे मला हिने नाही सांगितलं, वहिनीने सांगितलं, आणि वहिनीला आईने.

सकाळी आईने वहिनीला हुकूम सोडला, "बायला शेवळं करून घाल." शेवळं म्हणजे आमच्याकडची पहिल्या पावसाची भाजी, घशाला खाजते म्हणून काकडं घालून करावी लागते, निवडायचा मोठा व्याप. ती कुणासाठीही करत नाहीत.

बायको रात्री झोपण्याआधी हळू आवाजात रोझरी म्हणते. तिसऱ्या-चौथ्या रात्री आईने विचारलं, "काय गं पुटपुटतेस?" ही म्हणाली, "प्रार्थना. तुमचं नाव घेतलं त्यात." आई म्हणाली, "मग मोठ्यानं म्हण की. माझ्या नावाचं मला ऐकू नको यायला?"

आता त्या घरात आई, वहिनी आणि ही, तिघी, एक चूल. मी फोनवर म्हटलं, "सापडलं बघ, त्रैक्य." पलीकडून उत्तर आलं, "तिघी वेगळ्या वेगळ्या बायका आहोत आम्ही. याला तीन देव मानणं म्हणतात. हेपण पाखंडच. आणि येताना ॲडल्ट डायपर आण, मोठा साईज."

त्याच महिन्यात १५ जूनला त्रैक्याचा रविवार होता. पेंटेकॉस्टनंतरचा रविवार दर वर्षी त्रैक्याचा असतो, त्यामुळे आपल्याकडे तो बहुतेक वेळा पावसाच्या तोंडावर येतो. बायको दिघाशीला अडकलेली. म्हणाली, लेकीला आजी-आजोबांबरोबर मिस्साला ने. शनिवारी आईला बघून आम्ही दोघं अंबाडीवरून वज्रेश्वरी, तिथून शिरसाड, असे पावसातून वसईला गेलो.

मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो. उठायचं तेव्हा उठतो, गुडघे टेकत नाही. सासऱ्यांनी कधी आग्रह केला नाही. त्या दिवशीचे फादर तरुण होते. प्रवचनाला उभे राहिले आणि पहिलंच वाक्य, की वर्षातल्या या एका रविवारी प्रत्येक धर्मगुरूला वाटतं आज दुसऱ्या कुणाची तरी पाळी असती तर बरं झालं असतं. लोक हसले. मग ते म्हणाले की तीन आणि एक मोजत बसू नका. पित्याने स्वतःसाठी काय राखून ठेवलं ते विचारा. काहीच नाही, सगळं पुत्राला दिलं. पुत्राने ते 'आता माझं' म्हणून ठेवलं का? नाही, सगळं परत पित्याच्या हाती. आणि हे देणं-घेणं असं जिवंत आहे की त्यालाच आपण पवित्र आत्मा म्हणतो. तिथे कोणाचाही वेगळा हिस्सा नाही, तरी कोणी कोणात विरघळून नाहीसा होत नाही. एवढं सांगून ते दोन मिनिटांत खाली बसले. खरं तर हिच्या चुलतभावाने यातही दोन चुका काढल्या असत्या.

पण मी मागच्या बाकावर बसून हिशेब करत होतो. त्याच वर्षी सरकारने कुटुंबातल्या वाटणीसाठी शेतजमिनीची मोजणी दोनशे रुपयांवर आणली होती. मी ती बातमी फोनमध्ये सेव्ह करून ठेवलेली. दोनशे रुपये, मोजणीदार, हद्दीचे दगड, आणि काम खलास.

दुपारी सासऱ्यांकडे जेवायला. त्यांच्या दिवाणखान्यात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, खाली कपाटात 'सुवार्ता'चे जुने अंक आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं २०१०चं 'सुबोध बायबल'. याची एक प्रत त्यांनी मला लग्नात दिली होती. दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा सासरे टीव्हीपुढून हलले नव्हते. २०२४च्या जुलैत ते गेले, त्या दिवशी हे जेवले नाहीत.

जेवण झाल्यावर सासरे मला वाडीत घेऊन गेले. केळी, अळू, थोडा मोगरा, आणि मागे बावखळ. वसईबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, बावखळ म्हणजे वाडीच्या शिंपण्यासाठी केलेलं गोड्या पाण्याचं तळं. वसईत अशी पुष्कळ होती. बरीच बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. त्यांना माझं आणि दादाचं ठाऊक होतं, लेकीने सांगितलं असणार. ते विषय काढतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी काढला नाही. बावखळाकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, "आम्ही चौघे भाऊ. वाडी वाटली, पण हे नाही वाटलं. याच्या मध्ये कुंपण कुठून घालणार?" मग म्हणाले, एक भाऊ खूप वर्षं बोलत नव्हता, पण पाणी इथूनच न्यायचा. "पाण्यावर यायचाच. तेवढं बरं होतं." आणि सुकेळी बांधून द्यायला घरात गेले.

संध्याकाळी दिघाशीला परत आलो तर बायको पडवीत उभी. चेहरा वेगळाच. आईचं आधार कार्ड शोधायला तिने बाबांची पत्र्याची पेटी उघडली होती. त्यात बाबांचे कागद, आईचं रेशनकार्ड, आणि घडी घालून ठेवलेला एक प्रिंटआउट. माझी एक्सेल शीट. दादाने ती अंबाडीला जाऊन कलर प्रिंट काढून आणली होती. बेरीज पिवळीच होती. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याखाली व्यवस्थित ठेवलेली.

हिने ती शीट मला तोपर्यंत कधीच दाखवली नव्हती, कारण मी ती हिलाच दाखवली नव्हती.

तिने टेस्टर जसा बघतो तशी ती वरून खालपर्यंत पाहिली असणार. मला एवढंच विचारलं, "यात तुझ्या फीची ओळ कुठे आहे?"

मी २००५ साली इंजिनिअरिंगला लागलो. प्रायव्हेट कॉलेज. भातावर ती फी निघणं शक्य नव्हतं. दादाने बारावीनंतर शिक्षण सोडलं होतं आणि गोदामात रात्रपाळीला लागला होता, माल चढवा-उतरवायला. चार वर्षं. सकाळी यायचा तेव्हा मी कॉलेजला निघालेला असायचो. कधी एसटीचे पैसे खिशातून काढून द्यायचा, नोटा घामाने ओल्या असायच्या. यातलं मी काही विसरलो नव्हतो. शीट बनवताना रात्री दोन वाजताही मला हे माहीत होतं. त्याला कॉलम नव्हता म्हणून घातलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

मी बायकोला म्हटलं, "त्याने कधी मागितले नाहीत."

"तेच तर," ती म्हणाली, आणि आईला गोळी द्यायला आत गेली.

मी त्या रात्री दादाकडे गेलो नाही. गेलो असतो तर हा लेख बरा झाला असता. तो गोठ्यात होता, कंदील हलताना दिसत होता, आणि मी ओटीवर दत्ताखाली बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, पहाटे निघून आलो. फोनमधली दोनशे रुपयांची बातमी तेवढी डिलीट केली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी रात्री फोन वाजला. स्क्रीनवर 'दादा'. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं आईचं काही झालं.

"मजूर मिळत नाहीत," तो म्हणाला. "आवणी अडलीय. रोप पिवळं पडायला लागलंय. रविवारी ये."

"येतो."

"आणि ते बूट घालून येऊ नको."

रविवारी गेलो. कॉलेजनंतर मी चिखलात उतरलो नव्हतो. अर्ध्या तासात कंबर गेली. दादा माझ्या शेजारच्या ओळीत होता, माझी एक ओळ होईपर्यंत त्याच्या तीन होत होत्या, आणि मी लावलेली रोपं मागे वळून तो पुन्हा सरळ करत होता, न बोलता. पलीकडे वहिनी आणि बायको, दोघींच्या डोक्यावर इरलं नाही, प्लास्टिकची पोती. लेक बांधावर बसून मुठी मोजत होती. खाचराच्या मधोमध आल्यावर मी म्हटलं, "दादा, ती शीट…"

"रोप खोल खोचू नको," तो म्हणाला. "वर आलं पाहिजे ना."

मी पुन्हा म्हटलं, "फीचं…"

"ऐकलं," तो म्हणाला. थोडा वेळ गेला. "बाबा होते तेव्हा लावायचास तशी लाव."

सातबाऱ्यावर अजून तीन नावं आहेत आणि क्षेत्र सामाईक. फ्लॅटचं कर्ज आहे तिथेच आहे. दादाने हिशेब दिला नाही, मी मागितला नाही, आणि कधी तरी जमिनीचं काय करायचं हे ठरवावं लागणारच आहे, आई म्हणते तिच्यानंतर. तीन नावं, एक क्षेत्र, कोणाचा तुकडा कुठे ते कोणालाच दाखवता येत नाही. त्या दिवशी चिखलात उभं राहून मला ही उपमा सुचली आणि एकदम भारी वाटली. बायकोला सांगितलेली नाही. ती लगेच कुठल्या तरी शतकातल्या कुठल्या तरी माणसाचं नाव सांगेल.

दुपारी बांधावरच जेवलो. आईने खाटेवरून सूचना देत वहिनीच्या मुलीकडून भाकऱ्या करून घेतल्या होत्या. पाऊस थांबला होता. लेकीने जेवणाआधी सवयीने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला. दादा तिच्याकडे बघत होता. तिचं होईपर्यंत त्याने घास हातातच धरून ठेवला, मग बोंबलाची चटणी माझ्याकडे सरकवून म्हणाला, "घे. तिखट आहे, पाणी जवळ ठेव."